जेटलॅगशी भांडू नका, पहाटे पर्वती चढा

एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. "२० डिसेंबरला पुण्यात उतरतोय, दोन आठवड्यांसाठी. मुलं अकरा आणि सात वर्षांची. गेल्या वेळी पहिला आठवडाभर ती रात्री तीनला टक्क जागी आणि दुपारी लोकांच्या घरी सोफ्यावर गाढ झोपलेली. सासूबाईंनी यंदाही भेटायच्या घरांची यादी काढून ठेवली आहे, रोज दोन घरं. मुलं म्हणतात पुण्यात सुट्टीसारखं काही वाटतच नाही, नाताळसुद्धा नसतो. शिवाय पोटाची भीती, आणि कुणाला काय भेट न्यायची हा घोळ आहेच."

ताई, हे आपण सगळ्यांनीच सोसलं आहे. एवढी महागडी तिकिटं काढायची, आणि मुलांच्या लक्षात काय राहणार? बंद गाडी आणि अनोळखी दिवाणखाने. पण तुम्हाला थोडं रागावणारही आहे. तीनला उठलेल्या मुलांना दामटून परत झोपवायचा हट्ट कशाला? डिसेंबरात न्यू जर्सी आणि पुण्याच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक असतो. पुण्यात पहाटेचे चार वाजतात तेव्हा तुमच्या मुलांच्या अंगात आदल्या संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. ही त्यांची खेळायची वेळ. तेव्हा अंधाऱ्या खोलीत "आवाज करू नका, आजोबा झोपलेत" म्हणत त्यांना फोन हातात देणं हा मला अन्याय वाटतो. आणि आजोबा तरी कुठे झोपलेले असतात!

पुण्याचा हिवाळा पहाटेचाच असतो. दहा वाजता ऊन चटकायला लागतं, अकराला रस्ते तुंबतात. साडेपाच ते नऊ या वेळात मात्र हे शहर इतकं सुंदर असतं की इतकी वर्षं बाहेर काढलेल्या आपल्यासारख्यांचा जीव कासावीस होतो. आम्ही जर्सीत होतो तेव्हा सुट्टीवर आलं की माझे सासरे पहिल्याच पहाटे नातवंडांना स्वेटर चढवून पर्वतीला न्यायचे. एकशे तीन पायऱ्या. धाकटा मोजत चढायचा, चुकला की खाली येऊन पुन्हा पहिल्यापासून. मराठी आकडे तो तिथे शिकला, आमच्या रविवारच्या मराठी शाळेत नाही. आता तो सिएटलहून स्वतःच्या मुलीला घेऊन येतो आणि बॅगा उघडायच्या आधी विचारतो, "उद्या पर्वती ना?"

डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणून साडेसहाला पायथ्याशी पोहोचा. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवस्थान आहे, पण मुलांना आधी कठड्याशी उभं करा आणि खाली पेठांमधले दिवे एकेक करून विझताना दाखवा. उतरून सारसबागेत जा. थंडी पडली की तिथल्या तळ्यातल्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. तुमची सात वर्षांची लेक हे आयुष्यभर विसरणार नाही, हे मी खात्रीने सांगते. मग स्वारगेटहून मेट्रोने एकच स्थानक पुढे, मंडई. १८८६ सालची ती दगडी अष्टकोनी इमारत, आणि भोवती हिवाळ्याचा बाजार: लालबुंद गाजरं, मटार, ओला हरभरा, बोरं, पातीचा लसूण. मुलांच्या हातात पैसे द्या आणि घासाघीस त्यांनाच करू द्या. कोथरूडला राहत असाल तर एक दिवस वेताळ टेकडी ठेवा. तिथे मोर दिसतात. मुलांना दम्याचा त्रास असेल तर इन्हेलर खिशात हवाच, कारण थंडीत शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर सकाळी जमिनीलगत साचून राहतो.

आता यादीचं. ताई, सासूबाईंशी भांडू नका. त्यांना माणसं भेटायला हवी आहेत, घरं नव्हे. आणि पुण्यातली साठीपुढची निम्मी माणसं त्या वेळी फिरायला बाहेरच असतात! मामांना फोन करा, "उद्या साडेसहाला पर्वतीखाली या." ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सारसबागेच्या बाकावर बसवा. माझ्या नणंदेने असं एका सकाळी अख्खं माहेर गोळा केलं होतं; मुलं मावसभावंडांशी पळापळी खेळली आणि कुणाच्या सोफ्यावर कुणी झोपलं नाही. नंतर घरी येऊन आंघोळ, जेवण, दीड-दोन तासांची झोप. त्याहून जास्त झोपू देऊ नका, उठवाच. संध्याकाळी फार तर एक घर, तेही सातला आटोपेल असं. उरलेल्या सगळ्यांना एका रविवारी नगर रोडकडे किंवा सासवडकडे हुरड्याला बोलवा. आगटीतून काढलेला गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, दही. तिथे कुणी "कितवीत आहेस?" विचारत बसत नाही, सगळे खाण्यात गुंतलेले असतात.

नाताळ पुण्यात नसतो, असं मुलांना वाटू देऊ नका. २४ला संध्याकाळी कॅम्पात एमजी रोड आणि ईस्ट स्ट्रीटवर पायी हिंडा, गाडी नेऊ नका. २५ला गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च दाखवा आणि १८९० साली तिथल्या मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, ती हकिकत सांगा. अकरा वर्षांच्या मुलाला ती नक्की आवडेल. सवाई गंधर्व संगीत महोत्सव बहुधा तुम्ही येण्याआधीच झालेला असेल, त्याची हळहळ मला तुमच्याहून जास्त आहे.

पोटासाठी उकळलेलं पाणी, आणि कापून ठेवलेली फळं नाहीत. भेटींचं म्हणाल तर बदाम आणि चॉकलेटं पुरेत. पुण्यात आता सगळं मिळतं.

आज मात्र एक करा. सासूबाईंना फोन लावून सांगा, मुलांचे स्वेटर आणि कानटोप्या कपाटातून काढून ठेवा, आणि पहिल्या पहाटे मामांना पर्वतीखाली बोलवा.