तीव्र लेझर झोतात रेणू कसा फुटतो आणि तो फुटताना पाहतात कसा?

तुम्ही विचारलंय की लेझरमध्ये रेणू तुटतो तो तापून तुटतो का, आणि इतक्या क्षणात घडणारी गोष्ट कोणी पाहणार तरी कशी. माझं काम याच विषयात चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उष्णतेचा यात जवळपास संबंध नाही. तापायला वेळ लागतो आणि तेवढा वेळच रेणूला मिळत नाही. आमच्या लेझरची एक पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, साधारण ३० फेम्टोसेकंदांची असते. सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, तो एक फेम्टोसेकंद. पल्समधली ऊर्जा म्हणाल तर एक मिलीज्यूल, म्हणजे एक ग्रॅमची वस्तू दहा सेंटीमीटर उचलायला लागते तेवढीच. पण ती इतक्या कमी वेळात आणि केसापेक्षा बारीक ठिपक्यात कोंबली की तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १० चा १५ वा घात वॅट एवढ्या घरात जाते. एका खोलीत मावणाऱ्या लेझरमधून हे साधतं ते डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या युक्तीमुळे: पल्स आधी ताणून लांब करायची, मग तिची ऊर्जा वाढवायची, शेवटी पुन्हा आवळायची. त्यांना त्यासाठी २०१८ चं नोबेल मिळालं.

एवढ्या तीव्रतेला प्रकाशाचं विद्युत क्षेत्र आणि रेणूच्या आतलं, इलेक्ट्रॉनांना धरून ठेवणारं क्षेत्र यांची बरोबरी होऊ लागते. इलेक्ट्रॉनला अडवणारी भिंत एका बाजूने वाकते आणि तो तिच्यातून निसटतो. एक गेला, मागोमाग दुसरा गेला, की उरतात ते एकमेकांना ढकलणारे धनप्रभारित तुकडे. मग ते सुसाट दूर फेकले जातात. याला कूलोम स्फोट म्हणतात.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हायड्रोजनचा रेणू घ्या. दोन प्रोटॉनमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). दोन्ही इलेक्ट्रॉन एका झटक्यात काढून घेतले, तर प्रोटॉनांना मिळून सुमारे १९ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) ऊर्जा मिळायला हवी. हे गणित बारावीचं आहे: १४.४ भागिले अँगस्ट्रॉममधलं अंतर. प्रत्यक्षात तीस-चाळीस फेम्टोसेकंदांच्या पल्सने मोजलं तर बहुतेक स्फोट पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली सापडतात. हिशेब उलटा करा: म्हणजे स्फोटाच्या क्षणी अंतर तीन अँगस्ट्रॉमच्या घरात, मूळच्या चौपट होतं! पहिला इलेक्ट्रॉन गेल्यावर बंध सैल पडला, प्रोटॉन दूर सरकू लागले, आणि दुसरा इलेक्ट्रॉन नंतर गेला. पण नेमक्या त्याच अंतराला का? कारण तिथे इलेक्ट्रॉन एका प्रोटॉनपाशी अडकतो आणि लेझरचं क्षेत्र त्याला इतकं वर उचलतं की मधली आणि बाहेरची, दोन्ही भिंती त्याला ठेंगण्या पडतात. प्रोटॉन जवळ असताना इलेक्ट्रॉन घट्ट धरलेला असतो, फार दूर गेल्यावर मधली भिंत उंच होते. कॅनडातल्या अँड्रे बँड्रॉक आणि पॉल कॉर्कम यांच्या गटांनी १९९५ मध्ये याचा सिद्धांत मांडला.

मग हे मोजायचं कसं? फुटताना थेट काहीच दिसत नाही. अतिनिर्वात चेंबरमध्ये वायूची बारीक धार सोडतो आणि लेझर तिच्यावर एकवटतो. तुकडे विद्युत क्षेत्राने ओढले जाऊन डिटेक्टरवर आदळतात. कुठे आदळले आणि किती वेळाने, या दोन गोष्टींवरून प्रत्येक तुकड्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) तिन्ही दिशांनी कळतो. धार मुद्दाम इतकी विरळ ठेवायची की एका पल्समध्ये सरासरी एकापेक्षा कमी रेणू फुटावा. लोकांना हे वेडेपणाचं वाटतं, पण दोन रेणू एकदम फुटले तर कोणता तुकडा कोणाचा ते कळणार नाही. एका तुकड्याची वेळ आडव्या अक्षावर आणि दुसऱ्याची उभ्या अक्षावर मांडली की पडद्यावर आधी नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. तासाभराने त्यांच्यातून एक बारीक तिरपी रेघ वर येते. रेघेवरच्या जोड्यांच्या संवेगांची बेरीज शून्य भरते, म्हणजे ते दोघे एकाच रेणूतून निघालेले. ती रेघ किती बारीक आहे यावरून त्या दिवशीचा प्रयोग जमला की नाही ते मी ठरवते.

मोठ्या रेणूंमध्ये गंमत वाढते. मिथेनॉलमधून तीन हायड्रोजनांचा एक आयन, म्हणजे प्रभारित तुकडा, बाहेर पडतो. काही वेळा तिन्ही हायड्रोजन कार्बनवरचे असतात, काही वेळा तिसरा ऑक्सिजनवरचा. कार्बनवरच्या हायड्रोजनांच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घालून हे ओळखता येतं. आधी हायड्रोजनचा एक उदासीन रेणू सुटतो, उरलेल्या भागाभोवती भटकतो आणि जाता जाता एक प्रोटॉन उचलून नेतो, असं यातून दिसलं. हाच आयन ताऱ्यांदरम्यानच्या अवकाशातल्या ढगांत दुसऱ्या मार्गाने तयार होतो आणि तिथल्या रसायनाला चालना देतो, म्हणून त्याच्याकडे इतकं लक्ष.

तुम्ही एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहात असं लिहिलंय. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) दीपक माथूर यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून या विषयात काम केलं, त्यांचे शोधनिबंध जरूर वाचा. उन्हाळ्यात तिथे विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणारा व्हीएसआरपी हा कार्यक्रम असतो, त्याला अर्ज करा. तोवर पुंजयांत्रिकीतला टनेलिंगचा, म्हणजे वर सांगितलेल्या भिंतीतून निसटण्याचा, भाग पक्का करा आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिका, कारण आमचा निम्मा दिवस त्या ठिपक्यांच्या ढिगातून रेघ वेगळी काढण्यात जातो.