रिमोट लिहिलंय म्हणून लगेच हुरळून जाऊ नका

साताऱ्याला घरी राहून करता येईल असा बॅकएंडचा (सॉफ्टवेअरच्या पडद्यामागच्या भागाचा) जॉब हवाय, लिंक्डइनवर रिमोटचा फिल्टर लावला तरी एचआर फोनवर 'आठवड्यात तीन दिवस हिंजवडी' म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. अहो, तो फिल्टर म्हणजे जाहिरात टाकणाऱ्याने ऑन-साइट (रोज ऑफिस), हायब्रिड (काही दिवस ऑफिस, काही दिवस घरून), रिमोट यातलं काय निवडलं तेवढंच. कोणी जास्त अर्ज यावेत म्हणून रिमोट टाकतं, कोणी जुनी जेडी, म्हणजे जाहिरातीतलं कामाचं वर्णन, तशीच कॉपी-पेस्ट करतं.

म्हणून मी आधी जेडीच्या तळाशी जातो, खरी गोम तिथेच असते. 'सध्या रिमोट', 'गरजेनुसार ऑफिसला यावं लागेल', 'पुण्यातल्या उमेदवारांना प्राधान्य' यातलं काही दिसलं की मी ती हायब्रिडच धरतो. उलट परदेशी कंपनीच्या रिमोटपुढे 'यूएस' लिहिलेलं असेल तर ते बहुतेक तिथे राहणाऱ्यांसाठीच असतं, पगार आणि टॅक्सची भानगड असते, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

माझंच सांगतो. एका कंपनीत रिमोट म्हणून लागलो, पुण्यातला फ्लॅट सोडून सामान टेम्पोत घालून गावी आलो आणि पाचव्या महिन्यात मेल, सोमवारपासून तीन दिवस खराडी! ऑफर लेटर काढून बघितलं तर 'बेस लोकेशन: पुणे' आणि खाली बारीक अक्षरात 'कंपनी ठरवेल तिथे काम करावं लागेल', आणि मी त्यावर मुकाट सही केलेली. मग काय, खंबाटकी घाट आणि मी.

बरं, लेटरात सगळं असलं तरी कंपनी धोरण बदलू शकतेच. अॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून ऑफिसातल्या लोकांना पाचही दिवस बोलावलंच की. पण लेखी असलं तर निदान बोलायला तोंड राहतं.

एचआरला 'रिमोट आहे का?' विचारू नका, हो म्हणूनच सांगतात. मुलाखतीत मॅनेजरच्या राउंडला विचारा, गेल्या महिन्यात टीम किती दिवस ऑफिसला आली, आणि पुण्याबाहेरून काम करणारे टीममध्ये कोण आहेत. तो अडखळला की समजून जा. आणि सध्याच्या नोकरीत नोटीस टाकायच्या आधी एचआरला एक साधा मेल करा: 'कामाचं ठिकाण सातारा, कायमस्वरूपी रिमोट, असं ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का?' दोघातिघांनी मला यावर उत्तरच दिलं नाही, ते बरंच झालं म्हणायचं.