मिलोंगात मला कुणी नाचायला बोलवतच नाही!

प्रश्न: ताई, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही सध्या ब्युनोस आयर्सला राहतो. दोघांनी टँगोचा क्लास लावला, सर म्हणाले आता मिलोंगाला, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्याला, जायला लागा, म्हणून गेलो. पण रात्रभर आम्ही दोघंच एकमेकांशी नाचत होतो, दुसऱ्या कुणी विचारलंच नाही. शेवटी मीच उठून एका आजोबांना विचारलं तर ते एकदम अवघडले. आम्ही परदेशी म्हणून असं करतात का? की मी फारच वाईट नाचते? – एक वाचक, ब्युनोस आयर्स

उत्तर: अगं दोन्ही नाही! तुम्ही एकाच टेबलावर बसलात ना, तिथेच सगळं ठरलं. तिथल्या जुन्या वळणाच्या मिलोंगात नवराबायको शेजारी बसले की ही जोडी आपापसातच नाचणार असं धरून चालतात आणि तिच्याकडे बघणंसुद्धा बरं समजत नाहीत. पुढच्या वेळी दारातच सांगा की आम्हाला वेगवेगळं बसायचंय. टेबल यजमानच देतात आणि काही ठिकाणी तर बायका एका बाजूला, पुरुष समोर अशीच बसायची पद्धत आहे.

आणि विचारायचं ते तोंडानं नाही, नजरेनं. काबेसेओ म्हणतात त्याला. ज्याच्याशी नाचावंसं वाटतं त्याच्याकडे बघायचं, त्यानं मान डोलावली की आपणही डोलवायची, पण तो समोर येऊन उभा राहीपर्यंत खुर्ची सोडायची नाही, कारण कधीकधी त्यानं मागच्या टेबलावरच्या बाईला बोलावलेलं असतं. मोबाइल पर्समध्येच ठेव, मान खाली घालून बसलेल्या बाईला कोण कसं बोलावणार?

काहींना हे फार तुसडेपणाचं वाटतं, मला तर ही टँगोतली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते. अनोळखी माणसाच्या मिठीत नाचायचं असतं, मग नकार देणं सोपं नको का? नजर वळवली की संपलं, कुणाचा पाणउतारा नाही, चारचौघांत शोभा नाही. तू थेट जाऊन विचारलंस तेव्हा आजोबांची ही सोयच गेली म्हणून ते अवघडले, तुझ्या नाचण्याचा काही संबंध नाही त्यात.

अजून एक, पहिलं गाणं संपल्यावर आपल्या सवयीनं ग्रासियास, म्हणजे थँक यू, म्हणू नकोस हं! त्याचा अर्थ मला पुरे झालं असा घेतात. आभार पूर्ण तांदा, म्हणजे सलग वाजणाऱ्या तीन-चार गाण्यांचा संच, संपल्यावर.

प्रश्न: पुण्यात आम्ही काही जण एक हॉल घेऊन टँगोला जमतो. ग्रुपमध्ये वाद चाललाय, काहींना तांदा-कोर्तिना वगैरे नको, सरळ प्लेलिस्ट शफलवर लावा म्हणतात. तुमचं मत? – एक वाचक, पुणे

उत्तर: शफल अजिबात नको. तांदा म्हणजे सहसा एकाच ऑर्केस्ट्राची चार गाणी, वाल्स (टँगोतला वॉल्ट्झ) किंवा मिलोंगाच्या तालाची (मेळाव्यासारखंच एका जलद तालाचंही हेच नाव) असतील तर बहुतेक तीन, आणि नाचणारे तेच ऐकून पार्टनर ठरवतात, दारिएन्सोच्या ऑर्केस्ट्राच्या धावत्या तालावर एकाशी मजा येते तर पुग्लिएसेच्या ऑर्केस्ट्राच्या संथ, ताणलेल्या सुरांना दुसरंच कुणीतरी हवं असतं. शफलमध्ये पुढे काय येणार हेच माहीत नाही तर हो कशाच्या भरवशावर म्हणायचं? 1935 ते 1955 या काळातल्या ऑर्केस्ट्रांचं एवढं रेकॉर्डिंग आहे की तुम्हाला गाणी कमी पडणार नाहीत.

कोर्तिना तर त्याहून महत्त्वाची. दोन तांदांच्या मधे टँगो नसलेला एखादा तुकडा वाजतो, सगळे जागेवर जातात, फ्लोअर रिकामा होतो. ती काढून टाकलीत तर ठरलेल्या जोड्या तासभर तशाच नाचत राहतील आणि नवीन आलेली मुलगी भिंतीला टेकून बसेल, दोनदा बसेल, तिसऱ्यांदा येणारच नाही. छोटे ग्रुप असेच आटतात हो.

फ्लोअरवर फिरायचं ते देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, पुढच्या जोडीला ओव्हरटेक न करता. स्टेजवरच्यासारखे पाय उंच उडवणं गर्दीत नको, टाच लागली तर चांगलंच लागतं. आणि नाचताना पार्टनरला शिकवणाऱ्यांना कृपया थांबवा, त्यासाठी वेगळी प्राक्तिका, म्हणजे सरावाची बैठक, ठेवा, तिथे थांबा, विचारा, चुका, हवं तेवढं बोला.