गोव्यात राहून लँड स्पीड रेसिंगसाठी (सपाट मैदानावर सरळ पळवून गाडीचा सर्वाधिक वेग मोजतात ती शर्यत) एकसिलिंडर बाईक बनवायची आहे. बुलेट ५०० घ्यावी की केटीएमची आरसी ३९०? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की लक्ष्य ताशी २०० किमी, बजेट बेताचं, दोन सेकंडहँड गाड्या बघून ठेवल्यात आणि आधी इंजिन खोलून बोअर (सिलिंडरचा व्यास) मोठा करायचा बेत आहे. शिवाय सरावाला मोरजीची पुळण चालेल का, हेही विचारलंय. पुळणीचं शेवटी बघू. इंजिन मात्र आत्ता खोलू नका.

आधी कागद-पेन्सिल घ्या. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, आणि त्या हिशेबात तुमच्या हातातला आकडा एकच: समोरचं क्षेत्रफळ गुणिले ड्रॅगचा गुणांक, म्हणजे सीडीए. आरसी ३९०वर माणूस नीट ओणवा झाला तर तो साधारण ०.३३ चौरस मीटर धरा. आपल्याकडच्या उकाड्यात हवेची घनता १.१५ किलो प्रति घनमीटर. यावरून २००ला, टायरचं घर्षण धरून, मागच्या चाकावर सुमारे ४८ पीएस (अश्वशक्ती) लागतात. ३७३ सीसीच्या ३९०ची कंपनीची ताकद ४३.५ पीएस, त्यातली चाकापर्यंत पोचते ३७च्या आसपास. तेवढ्यात गाडी १८०च्या जरा पुढे जाऊन अडते. आता इंजिन तेच ठेवा आणि सीडीए ०.२५वर आणा: २००ला ३८ पीएस पुरतात. चाकावर ११ पीएस वाढवायचे तर पिस्टन, कॅम, हेड, ईसीयू आणि बहुधा एखादा फुटलेला क्रँक. ०.०८ चौरस मीटर कमी करायला लागतात पुठ्ठा, फायबर आणि दोन महिन्यांची घासाघीस.

गाडी कुठली, याचं उत्तर तुम्ही कुठल्या वर्गात धावणार त्यावर आहे. अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एससीटीए या आयोजक संघटनेचे जे नियम चालतात त्यांत ३५० सीसीनंतर थेट ५००चा वर्ग येतो. म्हणजे ३७३ सीसीची ३९० पुऱ्या ५००वाल्यांशी भिडणार. बुलेट ५००ची मापं ८४ बाय ९० मिमी, म्हणजे ४९९ सीसी. वर्ग काठोकाठ भरला. शिवाय बुलेटसारख्या पुशरॉड इंजिनांना (कॅम खाली, व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी उघडतात) वेगळा वर्ग आहे, तिथे ओव्हरहेड कॅमवाले (कॅम वर हेडमध्ये) येत नाहीत. तेव्हा रेकॉर्डच्या वहीत नाव हवं असेल तर बुलेट हा वेडेपणा नाही. पण तिचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, ६००० आरपीएमलाच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर होतो. ३९०चा स्ट्रोक ६० मिमी, तिला १०,०००ला २० मीटर. त्यात यूसीई बुलेटचे (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या नव्या पिढीच्या) टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. आरपीएम फार चढवले की ते फुगून व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाहीत, मग सॉलिड टॅपेट घालावे लागतात. मूळची २७ पीएसच्या आसपासची बुलेट अंग झाकूनही १५०च्या आसपास थांबेल. आकडा २००चाच हवा असेल तर पहिली गाडी ३९० घ्या.

आकारापासून सुरुवात करा. गाडी भिंतीला लावून उभी करा, चालवणाऱ्याला हेल्मेट-लेदरसकट वर बसवा, शेजारी एक मीटरची पट्टी उभी धरा आणि वीसेक मीटरवरून झूम करून समोरून फोटो काढा. प्रिंटवर चौकटी आखून मोजा. कोपर गुडघ्याच्या आत, हनुवटी टाकीवर, फूटरेस्ट मागे-वर. प्रत्येक बदलानंतर पुन्हा फोटो. क्लिपऑन (फोर्कला आवळलेली हँडलं) खाली घेऊन सीटचा फोम काढला की बऱ्याच चौकटी फुकटात कमी होतात. हेल्मेट आणि पाठ यांच्यातला खड्डा भरणारं कुबड आणि लांब निमुळती शेपटी यांचा फायदा पुढच्या फेअरिंगइतकाच (हवा कापणाऱ्या बाहेरच्या आवरणाइतकाच) असतो. लोक नाक टोकदार करत बसतात, पण गाडीला खरं ओढून धरते ती मागे फाटलेली हवा. अर्धवट फेअरिंगच्या वर्गात चालवणारा बाजूने दिसला पाहिजे, फक्त हात झाकलेले चालतात, हे लक्षात ठेवून साचा करा.

फायबरचं काम आपल्याकडे होड्या बनवणारे डोळे मिटून करतात. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) मॅटचे दोन थर आणि वर एक विणलेलं कापड पुरे. हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के. पावसाळ्यात दमट हवेत थर चिकट राहतात, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: कोबाल्ट ॲक्सिलरेटर आणि एमईकेपी हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, भडका उडतो. ॲक्सिलरेटर आधीच घातलेलं रेझिन मागा.

मग गिअरिंग. टॉप गिअर टाका, प्लग काढा, मागचं चाक बरोबर १० फेरे फिरवा आणि क्रँकचे फेरे मोजा. मूळच्या १५/४५ स्प्रॉकेटवर ते ६७च्या आसपास भरतात. टायरवर खडूची खूण करा, माणूस बसवून एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. १५०/६०-१७ टायरला ते साधारण १.९ मीटर येतं. यावरून ९५०० आरपीएमला मूळ गाडी १६० धरते. पुढे १६ आणि मागे ३९ दात केले की त्याच आरपीएमला १९८. पुढचं कव्हरला घासत नाही ना, ते चेन चढवून हाताने फिरवून बघा. मागची ३७ ते ४१ अशी पाचही सोबत ठेवा. एक दात म्हणजे सुमारे ५ किमीचा फरक. दात कमी केले म्हणून वेग वाढत नाही, इंजिन ताकदीच्या शिखराखाली घसरतं आणि गाडी उलट हळू होते. मिठावर मागचं चाक घसरत पळतं, त्यामुळे आरपीएमवरून काढलेला वेग खोटा असतो. जीपीएस लावा.

टायरवर एच लिहिलं असेल तर मर्यादा २१०, व्ही असेल तर २४०. तुम्हाला व्ही हवा, ट्यूबलेस, ताजा, आणि व्हॉल्व्हला धातूची टोपी. पुढून फोर्क २० मिमी खाली घेतला तर मागूनही तेवढीच उतरवा, नाहीतर ट्रेल (पुढचं चाक सरळ ठेवणारं स्टिअरिंगचं माप) कमी होऊन हँडल थरथरायला लागतं. मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) लांब केल्याने गाडी सरळ चालते. स्टिअरिंग डँपर हवाच, पण वाकडं बसलेलं चाक तो झाकतो, सुधारत नाही. दोरी लावून दोन्ही चाकं एका रेषेत आणा. ड्रेन प्लगला तारेचं लॉक, चेनला गार्ड, मनगटाला बांधलेला किलस्विच, पेट्रोलचा हाताशी कॉक. यातलं एक नसलं तरी तपासणीत परत पाठवतात.

एवढं झालं की ट्यूनिंग. ड्रॅगची गाडी काही सेकंद फुल थ्रॉटलवर असते, लँड स्पीडची दीड-दोन मिनिटं. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) सगळ्यात जास्त ताकद देणारी सेटिंग इथे पिस्टन वितळवते. फुल थ्रॉटलला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त, रिच) ०.८६ ते ०.८८ ठेवा, टायमिंग (ठिणगीची वेळ) सर्वोत्तमपेक्षा एक-दोन अंश मागे. पंपावरचं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) ही आणखी एक गोम. त्यात इथेनॉल असल्याने इंजिनाला सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. गॅसोलीन वर्गात आयोजकांचंच पेट्रोल भरून टाकीला सील मारतात, त्यावर तुमचा ई-२०चा मॅप (ईसीयूमधला इंधनाचा तक्ता) तेवढाच रिच निघेल. म्हणून दोन मॅप करून न्या. ई-२० हवेतलं पाणीही ओढतं; आपल्या पावसाळ्यात ते टाकीत ठेवून गाडी झाकून टाकू नका.

मिश्रण ठीक आहे का, हे प्लग सांगतो. फुल थ्रॉटलवरच क्लच दाबून किलस्विच मारा, गाडी तशीच वाहू द्या, थांबल्यावर नवा घातलेला प्लग काढा आणि भिंगाखाली धरा. चिनीमातीच्या मुळाशी काळसर बारीक कडं दिसायला हवं. वरच्या वाकड्या पट्टीवर उष्णतेची निळसर रेघ उमटते. ती वाकाच्या जवळ असेल तर टायमिंग बरोबर, पेचाकडे सरकली असेल तर जास्त ॲडव्हान्स. चिनीमातीवर मिऱ्याची पूड शिंपडल्यासारखे चमकते कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी पुढची फेरी नाही.

इंजिन खोलायची पाळी यानंतरची. तेव्हाही आधी मापं: ८९ मिमी बोअरला रिंगची फट ०.४० ते ०.४५ मिमी, कारण लांब पळवण्यात रिंगची टोकं तापून एकमेकांना भिडतात. कॅम बदललात तर पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांत मुलांची खेळायची माती दाबा, व्हॉल्व्हला तेल लावा, गॅस्केटसकट हेड कसून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. मग माती ब्लेडने कापून व्हर्नियरने मोजा. इनटेकला किमान १ आणि एक्झॉस्टला १.५ मिमी उरलं पाहिजे.

बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद घटते, पण ड्रॅगही जवळपास तेवढाच घटतो. गिअरिंग फारसं हलत नाही. मीठ फेअरिंगच्या आत सिमेंटसारखं थापून बसतं. वायरिंगच्या प्रत्येक कनेक्टरला ग्रीस आणि ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) आधीच लावा, आणि त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. आगरवाड्याच्या मिठागराचा विचार डोक्यात आलाच असेल तर, तिथे पातळ पापुद्र्याखाली चिखल आहे.

आता मोरजी. गोव्यात पुळणीवर गाडी घालायला बंदी आहे आणि तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यामुळे नाही. झुआरी पुलावर रात्री, हेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार असे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. ती पिकअपमधूनच न्यायची. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची नियामक संघटना) परवानगीने धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धांत नाव घाला आणि वाऱ्याआधी, सकाळी नऊच्या आत धावा. किनाऱ्याजवळ असाल तर त्यानंतर खारे वारे सुटतात आणि आडव्या वाऱ्यात लांब फेअरिंग शिडासारखं वागतं. पहिल्या दिवशी १२०, १४०, १६० असंच चढत जा. फेअरिंगवर लोकरीचे बोटभर धागे टेपने चिकटवा आणि बाजूने व्हिडिओ घ्या. धागे जिथे उलटे फिरताना दिसतील तिथे पुढचा पुठ्ठा लावायचा.