कोलशेतच्या गाळ्यात कुरिअरची फ्रँचायझी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की कोलशेत रोडला घरचा गाळा रिकामा आहे, एक कुरिअर कंपनी फ्रँचायझी द्यायला तयार आहे, आणि ऑनलाइन खरेदी एवढी वाढत असताना या धंद्यात उतरावं का. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बुकिंग, हब (पार्सलं गोळा करून वेगळी करायचं केंद्र) आणि डिलिव्हरी, तिन्ही कामं मी बरीच वर्षं केली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पार्सलं वाढणारच, पण ती तुमच्या गाळ्यात येतील असं धरू नका. ज्यांच्याकडे माल आहे तेच आता पोचवायचं कामही स्वतःकडे घेताहेत. ॲमेझॉनची स्वतःची माणसं आहेत, फ्लिपकार्टची ईकार्ट आहे, आणि मीशोने व्हाल्मो उभं केलं. ईकॉम एक्स्प्रेस या कुरिअर कंपनीचा बराचसा माल मीशोकडून यायचा. तो आटला आणि २०२४ मध्ये आयपीओसाठी सेबीकडे अर्ज केलेली ही कंपनी २०२५ मध्ये सुमारे १,४०० कोटी रुपयांत दिल्लीवरी या दुसऱ्या कुरिअर कंपनीने विकत घेतली. एवढ्या मोठ्या कंपनीची एका गिऱ्हाइकामुळे ही गत होते, तिथे दर पार्सलमागे ठरावीक पैसे घेऊन डिलिव्हरी करणारा फ्रँचायझीवाला कुठे उभा राहणार? दर कंपनी ठरवते, भाडं, पेट्रोल आणि पोरांचे पगार तुमचे. वर घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये गेटवर नोंद, लिफ्टची वाट, मग फ्लॅटला कुलूप. सीओडीचं, म्हणजे हातात मिळाल्यावर पैसे द्यायचं पार्सल ग्राहकाने नाकारलं की मेहनत फुकट, आणि आरटीओच्या, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत जाणाऱ्या पार्सलांच्या बॅगा गाळ्यात साठतात. नुसत्या या कामासाठी फ्रँचायझी घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

पैसा आहे तो बुकिंगमध्ये, आणि त्यातही कारखान्यांच्या मालात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथले छोटे उद्योजक रोज सुटे भाग, सॅम्पल, टेंडरची कागदपत्रं पाठवतात. त्यांना दोन रुपये स्वस्त नको असतं. संध्याकाळी सातला माणूस पिकअपला आला पाहिजे आणि पीओडी (माल पोचल्याची सही-पावती) मागितल्याबरोबर मिळाली पाहिजे. असे वीस-पंचवीस पक्के गिऱ्हाईक मिळाले तर गाळा चालतो.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिका: आकारमानाचं वजन. ६० × ४० × ४० सेंटिमीटरचा खोका घ्या. गुणाकार ९६,०००, त्याला ५,००० ने भागलं की १९.२ किलो. आत सहा किलोचा प्लास्टिकचा माल असला तरी बिल १९.२ किलोवर येतं. काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, तो आधी विचारा. काउंटरवर फक्त काट्यावरचं वजन बघून पैसे घेतलेत, तर हबवर मोजमाप होऊन फरक तुमच्या खात्यातून कापला जातो. टेप काट्याशेजारीच ठेवा. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागतं, तेही बुकिंगच्या वेळीच बघा.

आपल्या भागाबद्दल मला खरी आशा आहे. मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून भिवंडीत गोदामं वाढली, आणि २०१७ ला जीएसटी येऊन जकात गेल्यावरही मानकोली, काल्हेर, पडघ्याचा पट्टा फुगतच गेला. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण आहे, डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडताहेत. तिथली कार्गोची सोय बसली की तुर्भे-महाप्याचा एअरचा माल मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोपर्यंत न्यायची गरज कमी होईल. घोडबंदरची कोंडी मात्र आहे तशीच आहे, त्यामुळे कोलशेतहून संध्याकाळची गाडी किती वाजता सुटते याची खात्री करूनच पिकअपच्या वेळा ठरवा.

टपाल खात्याला हलकं लेखू नका. सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. वकिलांच्या नोटिसा तिकडेच जाणार, त्यावर हिशोब मांडू नका.

पोरांचं मनापासून सांगतो. पावसात दिवसभर बाईकवर असणाऱ्या मुलाचा अपघात विमा पहिल्या महिन्यापासून काढा. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यात ॲपवरच्या कामगारांचा विचार आहे. पण तुमच्याकडच्या मुलाची जबाबदारी तुमचीच.

करार करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: हरवलेल्या पार्सलची डेबिट नोट (नुकसान खात्यातून वळतं करायची चिठ्ठी) कोणाच्या नावावर, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि तुमच्या पिनकोडमध्ये दुसरी फ्रँचायझी देणार की नाही. तिसऱ्यावर कंपनीचा माणूस टाळाटाळ करायला लागला तर सही करू नका. गाळा भाड्याने द्या, कोलशेतला मेडिकलवाला लगेच मिळेल.