जीव लावलेली वस्तू झिजते, विरते, बदलते. हे मनाला कसं पटवायचं?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. आजीच्या लग्नातली पैठणी तुम्ही बारा वर्षं कपाटात जपून ठेवलीत आणि भावाच्या लग्नासाठी बाहेर काढली तेव्हा ती घडीघडीवर विरलेली निघाली. "मी तर तिला हातसुद्धा लावला नव्हता," असं तुम्ही लिहिलंय. तिथे मी थांबले. हेच वाक्य 2015 साली मिरजेत एका कारागिरासमोर बसून मी बोलले होते. माझ्यापुढे साडी नव्हती, आईचा तंबोरा होता.

आमचं घर सांगलीचं. आई घरीच गाणं शिकवायची, संध्याकाळी पाचपासून दिवेलागणीनंतरही बराच वेळ. नोकरी लागल्यावर तिनं 1968 साली मिरजेत एक जनानी, म्हणजे बायकांच्या गळ्याला साजेसा, तंबोरा बनवून घेतला. माझ्या जन्माआधीपासून तो घरात होता, त्यामुळे मला तो घरातल्या माणसासारखाच वाटायचा. त्याची गवसणी, म्हणजे खोळ, जुन्या किरमिजी पडद्याची, आईनं स्वतः शिवलेली. दांडीवर जिथे तिचा हात टेकायचा तिथलं पॉलिश उडून खालचं लाकूड दिसायचं आणि ती जागा बाकीच्या दांडीपेक्षा जास्त गुळगुळीत होती. लहानपणी मी तिथेच बोट फिरवत बसायचे.

आई 2011 मध्ये गेली. तेराव्यानंतर मी तंबोरा माझ्या घरी आणला, गवसणीच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात उभा करून ठेवला. तंबोरा बराच काळ वाजणार नसेल तर तारा सैल करून ठेवायच्या असतात. गाणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे काय कुणी सांगायला हवं होतं? पण त्या तारा शेवटच्या आईनं लावलेल्या होत्या. खुंटी फिरवायला माझा हातच धजला नाही. सूर तर आठवड्याभरात उतरला असणार. ताण मात्र राहिला.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. एकदा तिनं गवसणीवरूनच तार छेडली आणि मी तिच्यावर इतकी ओरडले की त्यानंतर ती त्या कोपऱ्याकडे फिरकलीच नाही. तुमच्या प्रश्नात हे विचारलेलं नाही, तरी सांगते आहे, कारण वस्तू जपण्याच्या नादात मी काय काय दूर लोटलं त्यात हे सगळ्यात वर आहे.

चार वर्षांनी घर रंगवायला काढलं म्हणून गवसणी सोडली. तारांवर गंज चढला होता, एक तुटून वेटोळं झाली होती. तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी, मधोमध खाली बसली होती. भोपळ्याला मागे बोटभर लांबीची चीर गेली होती आणि दांडीच्या टोकाशी किडीची दोन बारीक भोकं होती. मी तिथेच फरशीवर बसून रडले. आई गेली तेव्हा माणसांच्या गर्दीत रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात आलं असावं.

मिरजेला न्यायचं हे मात्र लगेच ठरलं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या हे काम त्या गावात चालत आलंय. लढाया संपल्या, तलवारींचं काम गेलं, आणि कानस धरणारे तेच हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. ते स्वतः वाद्य दुरुस्त करण्यात तरबेज होते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आमच्याच घरात काही कौतुकाचं घडल्यासारखा आनंद झाला होता.

कारागीर साठीचे होते. तंबोरा मांडीवर आडवा घेऊन त्यांनी तबलीवर टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. मग विचारलं, "ताई, वाजवत नव्हता काय?"

"नाही हो. हातसुद्धा लावला नव्हता."

"तारा चढवूनच ठेवल्या होत्या?"

मी हो म्हटलं. ते पुढे काहीच बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती, चार तारांनी चार वर्षं ती तबली दाबून धरली होती.

यानंतरचं जे सांगणार आहे त्यासाठी जवारी म्हणजे काय ते थोडं समजून घ्या. तंबोऱ्याच्या तारा ज्या छोट्या पाटासारख्या तुकड्यावरून जातात ती घोडी. तिचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर पुसटशी घासत, टेकत-सुटत कंप पावते आणि त्या घासण्यातूनच तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा नाद उठतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा धरायची की नाद उघडतो. म्हणजे तार घोडीला घासली नाही तर तंबोरा तंबोऱ्यासारखा वाजणारच नाही. आणि घासली की घोडी झिजणार. तारेखाली हळूहळू चर पडतो, नाद चरचरीत होतो किंवा बसतो. मग कारागीर कानशीनं तो पृष्ठभाग पुन्हा घासून नीट करतो. त्याला जवारी काढणं म्हणतात. दर वेळी घोडीचा थोडा अंश कमी होतो, आणि घासून घासून ती फार पातळ झाली की नवी बसवावी लागते.

मी त्यांना म्हणाले, तबली बदला, भोपळा सांधा, तारा नव्या घाला, पण घोडीला कानस लावू नका. आईचा सूर त्या घोडीत आहे. तिच्या तारांनी पाडलेले चर आहेत त्यावर, ते मला हवेत.

त्यांनी मला वेडगळ समजलं नाही. घोडी अलगद सोडवली आणि तिच्या खालची तबलीवरची जागा दाखवली. तिथे जुन्या सरसाच्या दोन खुणा होत्या, एकीवर दुसरी, जरा सरकलेली. म्हणाले, "ही घोडी मूळची नव्हे. आधी एक होती. ही दुसरी. आणि हिचीसुद्धा जवारी चार-पाच वेळा तरी निघाली असंल. आई तुमच्या नेमानं आणत असणार वाद्य."

मला आठवलं. दर दोन-तीन वर्षांनी, बहुतेक मे महिन्यात, आई एसटीनं तंबोरा घेऊन मिरजेला जायची. गवसणीतला तंबोरा खिडकीजवळ आणि ती त्याला धरून शेजारी. संध्याकाळी परत आली की बाबांना म्हणायची, "ऐका, आता कसा बोलतोय." मी हे कितीदा पाहिलं होतं! आणि तरीही मनात धरून बसले होते की लहानपणापासून आमच्या घरात एकच एक नाद होता आणि तो मी कोपऱ्यात बंद करून वाचवला आहे. तसा एक नाद कधी नव्हताच. मी पाच वर्षांची असताना जो ऐकला तो वेगळा, दहावीत होते तेव्हाचा वेगळा, लग्न ठरलं त्या वर्षीचा आणखी वेगळा. प्रत्येक वेळी आईनं आधीचा नाद स्वतःच्या हातानं कारागिराच्या स्वाधीन केला होता आणि नवा घेऊन हसत घरी आली होती.

भोपळ्याचंही त्यांनीच सांगितलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे हे कडू भोपळे पिकतात, खाण्यासाठी त्यांचा उपयोग नसतो. ते महिनोन्‌महिने वाळवून, आतला गर काढून मग वाद्याला घेतात. म्हणजे तो वेलीवरचा हिरवा भोपळा होता, कुणाच्या तरी शेतात मातीला टेकून वाढलेला. चिरेवर अंगठा फिरवत मी हे ऐकत होते.

मग त्यांनी कानस लावली. घोडीवरून पांढरा भुगा पडत होता, आईच्या तारांचे चर पुसले जात होते, आणि मी समोर बसून बघत होते. सहज गेलं नाही ते मला. छातीत दाटून आलं होतं. तुम्ही विचारलंत की पटवायचं कसं, तर माझ्यापुरतं उत्तर इतकंच आहे की विचार करून मला काही पटलं नव्हतं. ते घासणं शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिलं, मग त्यांनी तार चढवून दोरा सरकवला, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, एकदम उघडला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आईच्या वेळचा नाद नव्हता. पण तंबोरा तोच होता आणि तो वाजत होता. दुःख गेलं असं म्हणणार नाही. मात्र त्या दिवसापासून त्या दुःखाला काहीतरी काम मिळालं.

आता तुमच्या पैठणीकडे येते. तुमचा हात लागला नाही म्हणून ती विरली असं मी म्हणणार नाही, रेशीम वयानंही थकतं. पण बारा वर्षं त्याच घडीवर धागे मोडलेले राहिले आणि वर जरीचं वजन. जुन्या पैठणीतली जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. ती जड असते, म्हणून रेशमी अंग आधी सुटतं आणि काठ-पदर पुष्कळदा टिकून राहतात. तुमचेही टिकले असण्याची शक्यता बरीच आहे. एकदा स्वच्छ चादरीवर पूर्ण उलगडून, दिवसाच्या उजेडात, कुणाला तरी शेजारी बसवून बघा. धुवायला किंवा ड्रायक्लीनला मात्र आत्ता देऊ नका, आणि हँगरवर तर मुळीच लटकवू नका, तिचं वजनच तिला फाडेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल तर काढून जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. घडी दर तीन-चार महिन्यांनी बदला, आधीची मोड उघडी पडेल अशी. जर काळवंडली असेल तर ती घासू नका. चांदी हवेनं काळी पडतेच.

जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे असतात. ते जर वितळवून चांदी काढतात. मन खट्टू असताना त्यांना साडी देऊन टाकू नका. मी एका मावशीला हे करून वर्षानुवर्षं हळहळताना पाहिलंय.

काठ-पदर चांगले असतील तर ते काढून नव्या रेशमावर लावून देणारे लोक असतात. चांगल्या हाताचा माणूस शोधा आणि त्याचं आधीचं काम बघितल्याशिवाय कात्री लावू देऊ नका. "आजीच्या साडीला कात्री कशी लावू," हे तुमच्या मनात येणार, मला माहीत आहे. पण आपल्या आज्यांनी कापड कसं वापरलं ते आठवा. लुगडं जीर्ण झालं की त्याचं परकर-पोलकं, त्याचं दुपटं, त्याची गोधडी, आणि अगदी शेवटी पोतेरं. माझ्या आजीच्या गोधडीत तिच्या आईच्या लुगड्याचा हिरवा तुकडा होता आणि तो कोणाचा हे ती दर थंडीत सांगायची. ते लुगडं ट्रंकेत राहिलं असतं तर मला पणजीचं नावही कळलं नसतं. पैठणीचं पोतेरं कुणी करत नाही हे खरं, तिची गोष्ट वेगळी, ती लेकीसुनांकडे जायची. पण ज्या जायच्या त्या नेसायलाच जायच्या.

मी तुमच्या जागी असते तर घाई केली नसती. दोन-तीन महिने ती अशीच मलमलीत ठेवली असती आणि आजीला ती नेसलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांच्याकडून ऐकून घेतलं असतं, कधी नेसली होती, कुठे गेली होती, पदरावर तो डाग कसला. साडी काचेत फ्रेम करून भिंतीवर लावा असंही कुणी सुचवेल. मला स्वतःला ते पटत नाही. उजेडानं रेशीम आणखी लवकर जातं, आणि काचेआड ठेवलेली साडी मला माझ्या त्या कोपऱ्यातल्या गवसणीची आठवण करून देते.

आमचा तंबोरा आता मुलीकडे आहे, पुण्याला. ती नोकरी सांभाळून शिकते आणि रात्री उशिरा रियाझ करते. दांडीवर तिचा हात आईच्या जागेपेक्षा दोन बोटं वर टेकतो, तिथलंही पॉलिश आता उडायला लागलंय. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, खर्ज पुन्हा चरचरतोय, दोरा कितीही सरकवला तरी नीट लागत नाही. दिवाळीनंतर दोघी मिळून मिरजेला जाणार आहोत.