तुटलेला शाफ्ट आधी हातात घे

प्रश्न : सर, मी ऐरोलीचा, मेकॅनिकल करून रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. फेल्युअर अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे पार्ट का तुटला ते शोधायच्या कामात जायचंय. आधी एफईएचा, म्हणजे पार्टवरचा ताण कॉम्प्युटरवर काढायच्या सॉफ्टवेअरचा, कोर्स करू का?

उत्तर : कर, पण त्याआधी तुटलेला पार्ट बघायला शिक रे. मी वागळे इस्टेटला असताना एका पंपाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) तीनदा तुटला, सगळे म्हणायचे मटेरियल खराब, मी भिंग घेऊन बसलो तर की-वेच्या (शाफ्टवर चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून निघालेल्या, शिंपल्यावर असतात तशा वक्र रेघा, म्हणजे सरळसरळ फटीग, पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकलेला, क्रॅक हळूहळू सरकत आलेली. कोपऱ्याला रेडियस दिला, म्हणजे तो गोल केला, मग नाही तुटला. 1954 मध्ये पडलेली कॉमेट ही प्रवासी जेट विमानं पण फटीगनेच गेली, दर उड्डाणाला केबिनमध्ये प्रेशर चढणार-उतरणार, आणि ताण सगळा खिडक्यांसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्याशी. ते शोधायला विमानाचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा प्रेशर दिलं होतं.

सॉफ्टवेअर रंगीत चित्र देईलच, पण लोड किती, सपोर्ट कुठे, हे तुलाच सांगावं लागतं, तिथेच चुकतात पोरं. तू मेंटेनन्सला आहेस हे तुझं भाग्य समज. भंगारात जाणारा प्रत्येक बोल्ट, बेअरिंग मागून घे, आणि तुटलेली तोंडं एकमेकांवर जुळवून बघू नकोस, वायर ब्रश तर अजिबात मारू नकोस, खुणा पुसल्या जातात.